आमच्या भागाचा नवा चर्चागट काढायचा की नाही? मतदान कसं घ्यावं, सल्ला हवा

पूर्वेची

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

डोंबिवली पूर्वेला आमच्या भागाचा एक व्हॉट्सॲप गट आहे. २०२० च्या टाळेबंदीत भाजी आणि औषधं घरपोच कोण देतंय हे कळावं म्हणून तीन सोसायट्यांनी मिळून काढला. आज सभासद ९८७. मर्यादा १०२४ ची, म्हणजे ३७ खुर्च्या शिल्लक. तीन ॲडमिनांपैकी मी एक.

गटात पहाटेपासून फुलांची सुप्रभातं, मग पुरणपोळीच्या ऑर्डरी, 'पोळीवाल्या बाई हव्यात', हरवलेलं मांजर, सापडलेलं मांजर. आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी 'उद्या पाणी नाही'. गेल्या महिन्यात ती सूचना सकाळी पडली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर १४० मेसेज चढले. शुक्रवारी निम्म्या इमारतींनी पाणी भरलेलंच नव्हतं. म्हणून पाणी, वीज, रस्ते, कचरा एवढ्याच विषयांचा वेगळा चर्चागट काढू, असं ठरत होतं.

तेवढ्यात आमच्यातल्या एका ॲडमिनने रात्री ११.४० ला पोल टाकला : नवीन गट हवा का? हो / नाही. तीन दिवसांनी हो २१२, नाही ८७. बाकीचे ६८८ गप्प. 'हो'वाले म्हणतात ७१ टक्के मिळाले, विषय संपला. 'नाही'वाले म्हणतात ९८७ पैकी २१२ म्हणजे पाचात एक, याला काय बहुमत म्हणायचं? त्यात एका काकांनी पोल उघडून कोणी 'नाही' दिलंय ते पाहिलं आणि एकेकाला खाजगीत गाठलं. सात जणांनी मत फिरवलं. शिवाय एकेका घरातून चार फोन, चार मतं.

परत मतदान घ्यावं का? घ्यायचं तर कशावर, आणि पास कधी धरायचं?

जिना_नंबर_तीन

ताई, कशाला एवढा घोळ? गट काढा, लिंक टाका, झोपा. आमच्या सकाळच्या फास्टच्या एका डब्याचे चार गट आहेत, एकालाही कोणी मत दिलेलं नाही. ज्याला यायचं तो येतो, भांडण झालं की पाचवा निघतो.

निवृत्त_लेखापाल

मी अकरा वर्षं सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे ६८८ गप्प माणसांचं मला काही वाटत नाही. आदर्श उपविधींमध्ये सर्वसाधारण सभेची गणपूर्ती दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी कमी असेल ती. तीनशे फ्लॅटांची सोसायटी असली तरी वीस जण आले की सभा कायदेशीर. आणि तेवढेही येत नाहीत म्हणून प्रत्येक नोटिशीच्या तळाशी ते अमर वाक्य असतं : 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी...' तुमच्याकडे २९९ जणांनी मत दिलं, हे मला स्वप्नवत वाटतं. गप्प बसलेल्याला 'नाही'च्या खात्यात टाकू नका. तो कुठल्याच खात्यात नाही.

चूक दुसरीकडे आहे. वार्षिक सभेला १४ दिवसांची नोटीस आणि सोबत विषयपत्रिका लागते. तुम्ही रात्री पावणेबाराला, ठरावाचा मसुदा न देता मत मागितलंत. 'नवीन गट' म्हणजे काय? ॲडमिन कोण? जुना गट बंद होणार का? मसुदा द्या, दोन आठवडे द्या, आणि एक घर एक मत ठेवा.

एडिसनकर

हा धागा वाचून तीस वर्षं मागे गेलो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा विद्यापीठाच्या संगणकावरून यूझनेट, म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चागट, वाचायचो. तिथे भारतीयांसाठी 'सॉक.कल्चर.इंडियन' होता, आणि तिथला गोंगाट तुमच्या गटाला लाजवेल असा. रेसिपी विचारली तरी चौथ्या उत्तरात फाळणी निघायची. मग तेलुगू, गुजराती, कर्नाटक, केरळ असे वेगळे उपगट झाले. आपला 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी'सुद्धा.

तुमच्या कामाची गोष्ट अशी, की यूझनेटच्या मुख्य शाखांमध्ये नवीन गट काढायला मतदान लागायचं आणि त्याचे नियम लोकांनी भांडून भांडून घासून गुळगुळीत केले होते. आधी प्रस्ताव : नाव काय, कशाची चर्चा चालेल, कशाची नाही. त्यावर काही आठवडे नुसती चर्चा. मग मतदान, २१ ते ३१ दिवस. मत ईमेलने, मतमोजणी करणाऱ्या तिऱ्हाईत स्वयंसेवकाकडे. ज्याने प्रस्ताव मांडला त्याने मतं मोजायची नाहीत. चालू मतदानाचा आकडा कोणाला सांगायचा नाही. निकालाच्या दिवशी मात्र कोणी काय मत दिलं त्याची अख्खी यादी नावानिशी जाहीर. खोटं मत, दुबार मत सापडायचं ते तिथेच. हरकतींना पाच दिवस. प्रस्ताव पडला तर सहा महिने तोच विषय परत आणायचा नाही.

पास व्हायला दोन अटी, दोन्ही पुऱ्या व्हायला हव्यात. 'हो' ही 'नाही'पेक्षा किमान १०० ने जास्त, आणि एकूण मतांत 'हो' किमान दोन-तृतीयांश. न दिलेलं मत हिशेबातच नाही.

तुमचे आकडे लावून पाहिले. २१२ वजा ८७ म्हणजे १२५. टक्के ७१. पास! काकांनी फिरवलेली सात मतं परत केली तर २०५ विरुद्ध ९४, फरक १११, टक्के साडेअडुसष्ट. तरी पास. पण तुमचं मतदान तीन दिवसांचं आणि आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पळत होता, म्हणून त्या काळी हरकत आली असती आणि टिकली असती.

जिना_नंबर_तीन, तुमच्या पद्धतीलाही तिथे जागा होती. १९८७ मध्ये 'ऑल्ट' नावाची वेगळी शाखाच निघाली, मतदान नको असणाऱ्यांसाठी. कोणीही गट काढावा. फक्त तो आपल्या सर्व्हरवर ठेवायचा की नाही हे प्रत्येक सर्व्हरवाला स्वतः ठरवायचा, त्यामुळे कित्येक गट जन्मले आणि कोणाला दिसलेच नाहीत.

शब्दखुळी

एक कळलं नाही. ज्यांना त्या गटात यायचंच नाही त्यांनी 'नाही' म्हणायचा काय संबंध? मला क्रिकेट आवडत नाही म्हणून शेजारच्याने क्रिकेटचा गट काढू नये?

एडिसनकर

यावर तिथे अक्षरशः वर्षानुवर्षं वाद झाला. तेव्हाचं उत्तर असं होतं, की नवीन गट म्हणजे हजारो सर्व्हरांच्या डिस्कवर जागा, आणि ती जागा दुसऱ्याच्या पैशाची. शिवाय नाव. चांगलं नाव एकदाच वापरता येतं. १९८९ मध्ये मत्स्यालय ठेवणाऱ्यांचा गट निघायचा होता. मासे पाळणं हे 'साय' म्हणजे विज्ञान की 'रेक' म्हणजे करमणूक, यावरून जे रणकंदन झालं ते अजून जुनी मंडळी सांगतात. शेवटी दोन्ही नावांचे गट झाले.

तुमच्या व्हॉट्सॲपला डिस्कचा प्रश्न नाही. म्हणून, पूर्वेचीताई, आधी हे ठरवा की तुम्ही परवानगी नेमकी कशाची मागताय. गट काढायला तुम्हाला कोणाचीच परवानगी नको. जुन्या गटाचं नाव वापरायचं असेल, जुनी यादी उचलून ९८७ जणांना त्यात ओढायचं असेल, किंवा पाण्याच्या सूचना जुन्या गटात द्यायच्या बंद करायच्या असतील, तर मात्र हवी. त्या तीन गोष्टी सगळ्यांच्या आहेत.

आणि ते शंभर मतांचं अंतर. ती लोकशाही कमी, चाचपणी जास्त. जगभरातून शंभर माणसंही उठून एक ईमेल पाठवत नसतील तर गट चालणार कसा? म्हणून 'हवा का' यापेक्षा 'तुम्ही लिहाल का' हे विचारा. पुढे २००६ च्या सुमारास ते मतदानही बंद झालं आणि निर्णय एका मंडळाकडे गेला. मतदानात पास होऊन ओस पडलेले गटही होतेच.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, ॲडमिन व्हाले लोक भेत असतील तर सांगून द्या. 'कोनी काही टाकलं तर पोलीस ॲडमिनलेच नेते' असं जो तो बोलते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आमच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरनात सांगितलं हाय का, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी नुसता ॲडमिन हाय म्हून त्याले जबाबदार धरता येत नाही. दोघायनं मिळून ठरवून केलं असन तर गोष्ट येगळी. आता ॲडमिननं सोताच काही आगाऊ टाकलं तर मंग भोगा.

खटपट्या

तांत्रिक बाजू. व्हॉट्सॲपचा पोल मतदानासाठी नाहीच, तो 'डब्यात पोहे की उपमा' यासाठी आहे. कोणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि मत केव्हाही बदलता येतं. टेलिग्रामवर गुप्त पोल होतो आणि नंबरही लपवता येतो, पण तुमच्या ९८७ पैकी टेलिग्राम किती जणांकडे असेल ते तुम्हीच सांगा. गूगल फॉर्मात एकाला एकच उत्तर असं बांधता येतं, त्यासाठी लॉगिन लागतं, आणि तिथे ज्येष्ठ मंडळी गळतात. एडिसनकरांची जुनी पद्धत उत्तम : ॲडमिन नसलेल्या एका विश्वासू माणसाला खाजगीत मेसेज, फ्लॅट नंबर आणि हो/नाही. तो वहीत टिपेल.

आणि कृपा करून कोणाला परस्पर 'ॲड' करू नका. लिंक द्या. न विचारता ओढलेल्या माणसाला बाकी सगळ्यांसमोर आपला नंबर उघडा पडलेला आवडत नाही, विशेषतः बायकांना.

दुसरा मार्ग 'कम्युनिटी'चा. वर एक सूचनाफलक, जिथे फक्त ॲडमिन लिहितात. खाली हवे तितके गट, ज्याला हवा त्याने त्यात शिरावं. 'उद्या पाणी नाही' फलकावर गेलं की त्यावर १४० मेसेज चढत नाहीत.

गोडबोली

सगळे 'हो' कसं मोजायचं ते सांगताय. त्या ८७ जणांना कोणी विचारलं का? काकांनी विचारलं म्हणे, पण ते मत फिरवायला. मी आमच्या भागात दिवाळी फराळाच्या ऑर्डरी अशाच गटावर घेते. गट फुटला की माझं गिऱ्हाईक फुटतं. माणसं नव्या गटात गेली की जुना गट म्यूट करतात, ही भीती खरी आहे. मी तिथे असते तर 'नाही'च दिलं असतं, आणि पाण्याशी त्याचा काहीही संबंध नसता.

निवृत्त_लेखापाल

गोडबोली, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ठरावाच्या मसुद्यात 'जुना गट जसा आहे तसाच राहील' हे वाक्य पहिलं हवं.

पूर्वेची

मंडळी, तुम्ही डोळे उघडलेत. काल 'नाही' दिलेल्या काही जणांना फोन केले, मत बदलायला नाही, नुसतं ऐकायला. नऊपैकी सहा जणी घरून काहीतरी विकतात. एकीला कोणीतरी सांगितलं होतं की नवीन गट म्हणजे जाहिराती बंद. एका आजोबांचं म्हणणं वेगळंच : 'माझ्या फोनला एक गट पेलवत नाही, दोन कुठे?' त्यांच्यासाठी सूचनाफलक बरा पडेल.

मसुदा असा केलाय :

जुना गट आहे तसा राहील, जाहिरातींसह. पाणी-विजेची सूचना फलकावर, आणि जुन्या गटातही एकदा. चर्चागट ऐच्छिक, लिंकने. कोणालाही परस्पर घेणार नाही. पहिले सहा महिने दोन ॲडमिन, त्यातला एक 'नाही'वाल्यांपैकी. प्रश्न दोनच. फलक आणि गट जुन्या गटाच्या नावाने काढायला तुमच्या घराची हरकत आहे का? आणि चर्चागटात आठवड्याला एकदा तरी लिहाल किंवा वाचाल का? एक घर एक मत, १४ दिवस, मतं आमच्या वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे. त्या ॲडमिन नाहीत आणि त्यांना कोणी खाजगीत गाठायची हिंमत करत नाही.

पास कधी धरायचं?

एडिसनकर

दोन-तृतीयांश ठेवा. शंभराचं अंतर जगासाठी होतं, तुम्हाला घरांच्या हिशेबात २५ पुरे. पण माझं लक्ष दुसऱ्या प्रश्नावर असेल. चाळीस घरं 'लिहू' म्हणाली तर गट जगेल. दहाच म्हणाली तर पहिल्या प्रश्नाला कितीही 'हरकत नाही' येवोत, नुसता फलक काढा आणि थांबा.

जिना_नंबर_तीन

माघार. माझ्या डब्यातल्या चारपैकी तीन गटांत मार्चपासून एकही मेसेज नाही, आत्ता पाहिलं.

पूर्वेची

सगळ्यांचे आभार. सोमवारी मसुदा टाकते. एकच राहिलं, चर्चागटाचं नाव. एक ॲडमिन म्हणतात 'नागरिक मंच', दुसरे म्हणतात मंच राजकीय वाटतो, 'पाणी आणि रस्ते' ठेवा. यावरही सोबतच मतदान घेऊन टाकू का?

एडिसनकर

मत्स्यालय.