हळदीचा कागद लालच होत नाहीये, काय चुकतंय?

ढगाळ_दुपार:
मदत हवी आहे, जरा लवकर. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले, वर सोड्याचं पाणी लावलं. पिवळेच्या पिवळे! तीनदा केलं. लेक सव्वादोन वर्षांची, चार दिवस पावसामुळे घरातच आहे, आणि सकाळपासून "लाल कधी?" एवढंच चालू आहे. तिला कबूल करून बसलेय.

कोकणकडा:
कागद कुठला? सोडा कुठला? हळद घरची की पाकिटातली?

ढगाळ_दुपार:
टिश्यू पेपर. हळद पाकिटातली. सोडा म्हणजे सोडाच, घरात होता तो.

मुगाची_उसळ:
इतक्या लहान मुलीला हे कशाला? मूग भिजवा, ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड येतात, मूल रोज उठून बघतं. माझ्या दोन्ही मुलांनी तेच केलं आणि वर उसळही खाल्ली.

ढगाळ_दुपार:
मूग करीन हो, पण तिला आत्ता लाल हवंय.

गुरुजी_निवृत्त:
खायच्या सोड्याने हळद जेमतेम तांबूस होते, तो फारच सौम्य आहे. पानाला लावायचा चुना घ्या, लालभडक होईल. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीला चुना लावून करायचे.

साळुंकी:
गुरुजी, दोन वर्षांच्या मुलाच्या हातात चुना? डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. कृपा करून असं सुचवू नका.

गुरुजी_निवृत्त:
मुलीच्या हातात द्या असं मी म्हटलेलं नाही. आईने लावायचा.

साळुंकी:
आई फोन घ्यायला वळली की झालंच. ताई, कपडे धुवायच्या साबणाची वडी घ्या. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की लाल होतो ना, तेच.

ढगाळ_दुपार:
साबण पण लावून पाहिला. काही नाही.

साळुंकी:
कुठला साबण?

ढगाळ_दुपार:
तिचाच, अंघोळीचा.

साळुंकी:
मग बरोबर आहे! लहान मुलांचे बरेच सौम्य साबण अल्कधर्मी नसतातच, त्यांनी हळद बदलत नाही. भांड्यांच्या लिक्विडचंही बहुतेक तसंच.

कोकणकडा:
सोड्याचं अजून कळलं नाही. डब्यावर काय लिहिलंय? नुसत्या साध्या पाण्यात अर्धा चमचा टाका आणि फेस येतो का सांगा.

पाऊसवेडा:
अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायची खेळणी आहेत, मराठीतही, फुकट. चुंबकाचे प्रयोग तर जरूर करा.

साळुंकी:
चुंबक मोठा असेल तरच. बटणाएवढे नकोत. दोन गिळले गेले तर आतड्याला आतून चिमटा बसतो, ऑपरेशनची वेळ येते.

ढगाळ_दुपार:
हो, फेस येतोय. केकसाठी आणलेला डबा आहे. पण सकाळी लिंबू पिळल्यावरही मस्त फेस आला होता, म्हणून मला वाटलं सोडाच असणार.

कोकणकडा:
ती बेकिंग पावडर आहे. त्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच घातलेलं असतं, पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि फेस येतो. सोडा त्यातच खर्ची पडतो, मग हळदीला लाल करायला उरतं काय? खायचा सोडा नुसत्या पाण्यात फेसाळत नाही, त्यात काहीतरी आंबट घालावं लागतं.

ढगाळ_दुपार:
झाला लाल!! कपड्यांची वडी ओल्या बोटाने घासली, कागदावर फिरवली, लगेच. मग तिने लिंबाची फोड टेकवली तर परत पिवळा. सात-आठ वेळा झालं, अजून चालू आहे. बोटं धुतली की पुन्हा "आई, लाल कल."

मुगाची_उसळ:
छान. मूग विसरू नका.

गुरुजी_निवृत्त:
आता तिलाच विचारा, चिंचेने काय होईल? दह्याने? आधी तिला सांगू द्या, मग लावा.

ढगाळ_दुपार:
विचारते. आणखी एक, नव्या पांढऱ्या फ्रॉकवर हळद सांडलीये, साबणाने लाल झाली, आता पिवळी. निघेल का?

साळुंकी:
धुऊन ओलाच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

ढगाळ_दुपार:
ऊन कुठून आणू?