मदत हवी: संत्रा स्क्वॅशमध्ये इसेन्स कोणतं, किती आणि कधी टाकायचं?

संत्राबाग_वरुड:
नमस्कार मंडळी. बचत गटाचं संत्रा स्क्वॅश आहे, मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या) मालाचं. एका घाण्याचं माप असं: गाळलेला रस १ लिटर, साखर पावणेदोन किलो, पाणी १ लिटर, लिंबूसत ३० ग्रॅम, केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवण्यासाठीचं) २ ग्रॅम, ऑरेंज इसेन्स बाटलीच्या झाकणानं अंदाजे ५ मिली. पाक उकळत असतानाच इसेन्स पडतं. अडचणी तीन.
१. दोन दिवसांनी बाटलीच्या गळ्याशी तेलकट कडं दिसतं.
२. पातेल्यात चव झकास, पण थंड पाण्यात ग्लास बनवला की संत्रं गायब, नुसतं गोड-आंबट.
३. काही घाण्यांना दुसऱ्या दिवशी कडवटपणा येतो. इसेन्स वाढवलं तरी जात नाही.
इसेन्स बदलायचं की माप?

पाकतार:
ताई, रस-साखरेचं माप ठीक आहे, त्याला हात लावू नका. स्क्वॅशला फळाचा रस किमान २५ टक्के आणि ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण) किमान ४० लागतो, ते दोन्ही तुमच्या मापात बसतं. केएमएस २ ग्रॅम म्हणजे पावणेचार किलो मालात साधारण ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) सल्फर डायऑक्साइड. मर्यादा ३५० ची आहे, म्हणून "जास्त टिकावं" म्हणून चिमूटभर वाढवायचं नाही.

कडं येतं ते इसेन्सच्या जातीमुळे. बाजारात तीन प्रकार मिळतात. पाण्यात विरघळणारं, तेलात विरघळणारं (हे चॉकलेट-बिस्किटवाल्यांचं) आणि इमल्शन. लेबल वाचा, आणि लेबलवर विश्वास नसेल तर काचेच्या ग्लासात साधं पाणी घेऊन एक थेंब सोडा, ढवळा, पाच मिनिटं ठेवा आणि उजेडात पाण्याचा पृष्ठभाग तिरपा करून बघा. वर तेलाचे बारीक डोळे तरंगले तर ते तेलाचं. स्क्वॅशमध्ये ते कितीही ढवळलं तरी वरच येणार. पाणी दुधाळ झालं आणि तसंच राहिलं तर इमल्शन. ते चालतं, पण दर वेळी बाटली चांगली हलवून घ्यायची.

उकळत्या पाकात इसेन्स टाकणं आजपासून बंद. वरचा ताजा वास सगळ्यात आधी उडतो. स्वयंपाकघरभर जो घमघमाट सुटतो ना, तेच तुमचं इसेन्स. साखर, पाणी, लिंबूसत एकत्र उकळा, मलमलीतून गाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग रस, मग इसेन्स, आणि सगळ्यात शेवटी थोड्या पाण्यात विरघळवलेलं केएमएस.

बांधावरचा_मोर्शी:
कडवटपणाचं इसेन्सशी काहीच घेणंदेणं नाही, काहून त्यावर पैसे घालता! तो लिमोनिन नावाच्या कडू द्रव्याचा. संत्र्याच्या बियांत, फोडीच्या पडद्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात त्याचं जे मूळ द्रव्य असतं त्याला चव नसते. रस आंबट, त्यात ते उतरलं की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. म्हणून काढल्याबरोबर रस गोड लागतो आणि सकाळी कडू. उष्णतेनं हे आणखी लवकर होतं.

मिक्सरमध्ये फोडी फिरवत असाल तर बिया फुटतात, तिथूनच सुरुवात. फोडी सोलून, पांढऱ्या शिरा काढून, हलक्या हातानं दाबा. चोथा पिळून शेवटचा थेंब काढायचा मोह धरू नका. रस लगेच गाळा, चोथ्यासकट ठेवू नका. फळ पूर्ण पिकलेलं पाहिजे. आंबिया बहारातलं ऑक्टोबरचं हिरवट फळ जास्त कडवतं, तुमचा मृगाचा माल त्या मानानं बरा.

घाणा लावायच्या आधी ओळखायचं असेल तर वाटीभर रस उकळीपर्यंत तापवा, गार करा आणि चाखा. ती वाटी कडू लागली तर तो माल स्क्वॅशला घेऊ नका, ताजा पिऊन टाका.

पाकतार:
आता ग्लासात चव गायब होण्याचं. पातेल्यात चाखून इसेन्स ठरवायचंच नाही. गिऱ्हाईक पितो तो ग्लास थंड आणि चौपट पातळ असतो. थंडीत गोडीही कमी लागते आणि वासही कमी सुटतो. म्हणून चाचणी थंड ग्लासातच.

इसेन्स न घातलेलं स्क्वॅश बाजूला काढा. १ मिली इसेन्स (पाण्यात विरघळणारंच) आणि ९ मिली पाणी मिसळून पातळ द्रावण करा, हे त्याच दिवशी वापरायचं. चार ग्लास घ्या. प्रत्येकात ५० मिली स्क्वॅश आणि १५० मिली थंड पाणी. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका. ग्लासांत अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण आणि १ मिली द्रावण घाला. म्हणजे स्क्वॅशच्या एका लिटरला अर्धा, एक, दीड आणि दोन मिली इसेन्स झालं. झाकणानं मोजू नका, थेंबही मोजू नका. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो.

ग्लासांना खालून खुणा करा आणि चाखणाऱ्याला कोणता कितीचा ते सांगू नका. जो कमीत कमी मापात "संत्रं" वाटतो तो घ्या. दोन मिलीच्या ग्लासात वास छान असेल, पण घोट गिळल्यावर औषधासारखी कडसर चव मागे राहते. एकदा जास्त पडलं की साखर वाढवून झाकत नाही. बिनइसेन्सचं स्क्वॅश मिसळूनच उतारा पडतो. लेबलवर छापलेली कमाल मात्रा कमी असेल तर तीच पाळा.

पक्कं माप ठरलं तरी घाण्यात आधी तीन चतुर्थांशच घाला. केएमएसचा उग्र वास सुरुवातीला इसेन्सला दाबतो. एक दिवस मुरू द्या, पुन्हा थंड ग्लास बनवा, मग उरलेलं घालायचं की नाही ते ठरवा.

खस_अन्_बेल:
नुसत्या ऑरेंज इसेन्सला चोखायच्या गोळीची चव येते. १ मिली ऑरेंजमागे ०.१ मिली लेमन घातलं तर टोक येतं. व्हॅनिला वगैरे नको, आइसक्रीम होईल. त्याहून बरं म्हणजे घरची सालच वापरा. दोन संत्र्यांची फक्त केशरी साल किसा, त्याच पावणेदोन किलोतली ५० ग्रॅम साखर घेऊन चुरडा, झाकून रात्रभर ठेवा आणि गार पाकात घालून गाळा. मेण लावलेला बाजारी माल यासाठी घेऊ नका, बागेतलाच घ्या. किसताना पांढरा भाग आला की कडू.

नवखा_काटोल:
ऑनलाइन व्हेपसाठीचे (ई-सिगारेटच्या मशीनचे) १० मिलीचे कॉन्सन्ट्रेट दिसतात, त्यात ऑरेंज, मँगो सगळं आहे. ते चालेल का? आणि उलट, आपलं हे इसेन्स त्या मशीनमध्ये?

पाकतार:
भाऊ, दोन्ही नाही. ज्या बाटलीवर खाद्यपदार्थासाठी असं लिहिलेलं नाही आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक नाही ती पातेल्याजवळ आणायचीच नाही. आणि पोटात चालणारं फुप्फुसात चालतं असं नसतं. तेलाचे कण फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा आजार होतो. बटरच्या फ्लेवरमधलं डायअसिटिल खायला चालतं, पण त्याची वाफ सतत ओढून कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या खराब झाल्यात. वरून ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं २०१९ च्या कायद्यानं बंद आहे. तो विषय इथंच सोडा.

संत्राबाग_वरुड:
हाव, आलं ध्यानात. थेंबाची परीक्षा केली, डोळे तरंगले. शेवटचं एक: आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् लाइटचा भरवसा नाही. इसेन्सची बाटली कुठं ठेवू?

बांधावरचा_मोर्शी:
लहान, गडद काचेच्या बाटल्या आणा, मोठी स्वस्त पडली तरी नको. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि हवा-उष्णतेत संत्र्याच्या तेलातलं लिमोनेन खराब होऊन टर्पेंटाइनचा, म्हणजे रंगाच्या थिनरचा वास येतो. (नावात घोळ नको: कडू ते लिमोनिन, वासाचं ते लिमोनेन.) फ्रिज बंद पडत असेल तर माठाखालच्या ओल्या वाळूत डबा पुरून त्यात ठेवा, झाकण घट्ट. वास बदललेली बाटली सरळ फेका, जास्त घालून भागवू नका.

स्क्वॅश काचेच्या बाटलीतच भरा, वर दोन बोटं जागा सोडा. केएमएसचं नाव लेबलवर ठळक लिहा, दम्याच्या काही पेशंटांना सल्फाइट सोसत नाही. बाकी जांभूळ-डाळिंबाचं करायला घ्याल तेव्हा केएमएस वापरू नका, रंग उडवतं. तिथं सोडियम बेंझोएट. संत्र्यात मात्र केएमएसच ठेवा, बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र आले की उन्हात बेंझीन हे घातक रसायन तयार होऊ शकतं.