मदत हवी आहे : साताऱ्यातल्या आमच्या जुन्या चर्चसाठी आर्किटेक्ट कसा निवडावा?

सर्वांना सलाम.

आमचं चर्च साताऱ्यात आहे, मिशनच्या काळातलं, शंभरी कधीच ओलांडलेलं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याने भरलेल्या दरजा, सागवानी कैच्या (छपराला पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आणि वर मंगलोरी कौलं. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची आणि वर्ष ढकलायचं, असं आजवर चालत आलं. यंदा मंडळीने ठरवलंय की एकदाच नीट काम करायचं. छप्पर, भिंतींची ओल, वायरिंग, आवाजाची व्यवस्था, वयस्कर लोकांसाठी उतार, आणि मागच्या अंगाला संडे स्कूलची खोली व स्वच्छतागृह. त्यासाठी पास्टोरेट कमिटीने (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीने) नेमलेल्या उपसमितीत मी आहे. तीन आर्किटेक्टांशी बोलणी झाली आणि तिथेच घोडं अडलंय.

आधी इमारतीचं दुखणं सांगते, कारण माझ्या मते निवड त्यावरूनच व्हायला हवी. मागच्या पिढीत कधीतरी पश्चिमेच्या भिंतीला आतून सिमेंटचं प्लास्टर केलं गेलं. आपल्याकडे पाऊस त्याच बाजूने झोडपतो. चुन्याची भिंत भिजते तशी वाळतेही, पण आता ओल आतल्या आत कोंडते. कमरेच्या उंचीपर्यंत लोणा चढलाय, पोपडे सुटलेत, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला येते. शेवटच्या बाकामागे प्लास्टरचा मोठा तुकडा आपोआप गळून पडला. काही महिन्यांनी पाहिलं तर बाकी भिंत ओली आणि नेमका तेवढाच उघडा भाग कोरडा. माझ्यासाठी तो तुकडा म्हणजे भिंतीने स्वतः दिलेली साक्ष आहे.

आता तिघांविषयी. नावं देत नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नये.

पहिले पुण्याचे. पहिल्याच बैठकीत लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं घेऊन आले. दर्शनी भागाला काच, आत फॉल्स सीलिंग, वेदीपुढे कायमचं मोठं स्टेज. चित्रं खरोखर देखणी होती आणि तरुणांना फार आवडली.

दुसरे इथलेच, कामाला चोख. त्यांचं म्हणणं, कौलं-कैच्या उतरवा, स्लॅब टाका, पुढची पन्नास वर्षं बघायला नको. फी सर्वांत कमी.

तिसऱ्या बाई जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतात. त्या रविवारी आल्या आणि पूर्ण उपासनेला बसल्या. मग शिडी मागवून कैचीचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिलं. दोन ठिकाणी लाकूड भुसभुशीत लागलं. म्हणाल्या, "एवढंच कुजकं टोक कापून नवा सागवान जोडता येईल, अख्खी कैची बदलायची गरज नाही." पन्हळीचं पाणी कुठे जातं, भजनाला कोण कुठे बसतं, लग्नाला किती माणसं येतात, असं सगळं विचारलं. चित्र मात्र एकही दिलं नाही. आधी इमारतीची मापं घेऊन नकाशे करू, स्ट्रक्चरल ऑडिट करू, मग डिझाइनचं बोलू, आणि या पहिल्या टप्प्याची फी वेगळी.

कमिटीतल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न साधा आहे : चित्रच नाही तर मत कशावर द्यायचं? वर्गणी मंडळीची, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. माझा कल तिसऱ्या बाईंकडे आहे, पण "मला पटलं" एवढ्यावर निर्णय व्हावा असं मला वाटत नाही.

भजनाचा मुद्दा वरवरचा वाटू नये म्हणून सांगते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा सुरू केला तो साताऱ्यात. आमच्याकडे आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर, वेदीपुढे सतरंजीवर बसून म्हटली जातात, नाताळात कीर्तन होतं. त्या जागेवर कायमचं स्टेज आलं तर ही रीत पाच-दहा वर्षांत संपेल. आणि कौलांऐवजी पत्रा घालावा असं सुचवणाऱ्यांनी आषाढातल्या सरीत पत्र्याखाली उभं राहून प्रवचन ऐकून पाहावं.

तर जाणकारांनी सांगावं : तिघांकडून फुकट डिझाइन मागवणं योग्य आहे का? फीची तुलना कशी करायची, कारण दोघं खर्चाच्या टक्क्यांत सांगतात आणि तिसऱ्या ठोक रकमेत? आणि चित्राविना माणूस निवडायचा तर तो सर्वांना न्याय्य वाटेल अशा पद्धतीने कसा?

प्रतिसाद (सांगलीहून)

ताई, सलाम. मिरजेकडच्या एका जुन्या इमारतीच्या समितीत मी होतो, त्यावरून लिहितो.

फुकट डिझाइन मागवू नका. फुकटात मिळतं ते इमारत न तपासता काढलेलं चित्र. डिझाइनवरच निवड करायची असेल तर तिघांना एकच लेखी मागणीपत्र आणि सारखं मानधन द्या. ते मागणीपत्र आधी मंडळीने स्वतः लिहायचं : काय हवंच, काय जमल्यास, आणि कशाला हात लावायचा नाही. तुमची भजनाची जागा तिसऱ्या यादीत पहिली लिहा. यावरच निम्मी भांडणं मिटतात, कारण वाद बहुधा आर्किटेक्टवरून नसतो, आपल्याला नेमकं काय हवंय यावरून असतो.

फीचं म्हणाल तर टक्केवारीत एक मेख आहे. खर्च वाढला की फी वाढते. टोक जोडून भागवणाऱ्याला कमी पैसे आणि सगळं छप्पर उतरवणाऱ्याला जास्त, असा उलटा हिशोब होतो. दुरुस्तीच्या कामाला टप्प्यांनुसार ठोक रक्कम बरी. पहिल्या टप्प्याचा करार वेगळा करा, त्यात 'मापांचे नकाशे आणि अहवाल मंडळीच्या मालकीचे' हे लिहून घ्या. पुढे पटलं नाही तर तेच कागद घेऊन दुसऱ्याकडे जाता येतं.

गुण देण्याचे निकष फीचे लिफाफे उघडण्याआधी ठरवून मिनिट्समध्ये नोंदवा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक तपासा, १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. आणि त्यांनी केलेलं असं काम बघायला जा ज्यावरून दोन-तीन पावसाळे गेलेत. तिथल्या शिपायाशी बोला, तो खरं सांगतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. टक्केवारीचा मुद्दा आमच्या कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. वडीलधाऱ्यांना जतन म्हणजे हौस वाटते, त्यांना दाखवायला एखादं उदाहरण आहे का?

प्रतिसाद (सांगलीहून)

मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल सांगा. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं, आणि तिथल्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. आजही तिथे उपासना चालते. वडीलधाऱ्यांना तीच गोष्ट पटेल.

आणखी एक प्रतिसाद

मी चुन्याची कामं करतो. निवड होईपर्यंत दोन गोष्टी करून घ्या. पन्हळी साफ करून पाणी भिंतीपासून लांब सोडा, त्याला कुठलं डिझाइन लागत नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीवर हातभर जागेतलं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढून तिथे नीट मुरवलेल्या चुन्याचा नमुना लावा. एक पावसाळा जाऊ दे. कमिटीला मत द्यायला चित्र हवंय ना, ते भिंतीवरच दिसेल. फोडायचं ब्रेकर मशीन मात्र लावू देऊ नका, दगड हलतो.

उताराचं : एक फूट चढायला बारा फूट लांबी धरा. दारात सहा इंची तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट लागतील, म्हणजे तो बहुधा बाजूच्या दाराला न्यावा लागेल. तिघांना हाच प्रश्न विचारा, कोणी टेप लावून पाहिलंय ते लगेच कळेल.

धागाकर्ती

पायऱ्या बरोबर तीनच आहेत आणि बाजूचं दार दक्षिणेला आहे. येत्या बैठकीत मागणीपत्राचा कच्चा मसुदा मांडते आणि तो इथेही टाकते. डायोसिसकडे (बिशपच्या धर्मप्रांताकडे) मंजुरीसाठी असा मसुदा कोणी पाठवला असेल तर सोबत कोणते कागद जोडले होते, तेवढं कृपया सांगा.