गल्फात हेल्परवरनं वर कसं सरकायचं? (अनुभव धागा)

वडगावचा कट्टा:
सुट्टीवर आलेली पोरं काल कट्ट्यावर बसलेली. त्यांचं बोलणं ऐकून मुंबईतली ती जुनी इंटरव्ह्यूची रांग आठवली. बगलेत फाईल, फाईलीत एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड, आणि टेबलामागचा साहेब विचारतोय, "ट्रेड काय?" आजही पोरं तिथंच अडकालीत. हेल्पर म्हणून गेलं की हेल्परच राहतंय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. रडगाणं नको, कामाचं लिहा.

उद्यमबागवाला:
पहिली गोष्ट, व्हिसावर प्रोफेशन काय छापलंय ते बघा. 'लेबर' छापलेलं असलं तर तिथं जाऊन फिटरचं काम केलं तरी कागदावर लेबरच. पुढच्या कंपनीला तुमचं काम दिसत नाही, कागद दिसतो. सौदीत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असल्या ट्रेडला आता तकामोल या सौदी सरकारच्या कंपनीची स्किल टेस्ट असते, ती इथं भारतातच होते. थिअरी कॉम्प्युटरवर, प्रॅक्टिकल हातानं. त्याचं सर्टिफिकेट असलेला गडी हेल्परच्या रांगेत उभा राहत नाही.

निपाणी फिटर:
अनुभवाचं पत्र!! लेटरहेड, शिक्का, कधीपासून कधीपर्यंत, हुद्दा, कुठलं मशीन किंवा कुठली प्रोसेस. 'चांगला मुलगा आहे, सर्व कामे येतात' असलं पत्र चुलीत घाला. फौंड्रीत कॉन्ट्रॅक्टरकडं असाल तर पीएफची सर्व्हिस हिस्ट्री काढून ठेवा. तिच्यात कॉन्ट्रॅक्टरचं नाव येतं, म्हणून पत्रही त्याच नावाचं घ्या. दोन्हीकडं दोन नावं असली की व्हेरिफिकेशनला लटकतं.

खानापूरची माई:
ईसीआर पासपोर्टचं, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टचं, कुणी लिहिलंच नाही की ओ. दहावी पास असून पासपोर्ट ईसीआर असेल तर मार्क्स कार्ड लावून रीइश्यू करा, ईसीआर काढून घ्या. एनसीव्हीटी-एससीव्हीटी मान्यतेचा दोन वर्षांचा आयटीआय झालेला असला तरी चालतं. ईसीआरवर गल्फला नोकरीला जायचं तर ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर क्लिअरन्स लागतो, सोबत प्रवासी भारतीय बीमा योजना. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं कवच. व्हिजिट व्हिसावर "तिथं गेल्यावर बदलून देतो" म्हणणाऱ्याकडं यातलं काहीच नसतं. कुकर लावलाय, बाकी मागनं.

मच्छे रोड:
आणि एजंटचं? आमच्याकडं लाख-सव्वा लाख सांगालेत.

खानापूरची माई:
नोंदणी असलेल्या एजंटला 30,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. त्याच्या वर कायद्यानं घेता येत नाही. पावती मागा. पावती म्हटल्यावर त्याचा चेहरा बघा, सगळं कळतंय.

उद्यमबागवाला:
😂 माई, कुकर बघा!

आर्गॉन अण्णा:
वेल्डर पोरांनो, पगार उडी मारतो तो 6जी पाईपवर. पाईप 45 अंशात पक्का, फिरवायचा नाही. रूट, म्हणजे आतला पहिला थर, आर्गॉन वेल्डिंगनं, ईआर70एस-6 ची 2.4 मिमी फिलर तार, गॅप 3 मिमीच्या आसपास, रूट फेस (पाईपच्या कडेचा सपाट भाग) 1 ते 1.5 मिमी. वर फिल (मधले थर) आणि कॅप (सगळ्यात वरचा थर) 7018 रॉडनं. नापास कुठं होतात? एक, टॅकची (जोड धरून ठेवणाऱ्या छोट्या टाक्यांची) टोकं ग्राइंडरनं उतरवत नाहीत, मग तिथं रूट जुळत नाही. दोन, सहा वाजताच्या जागी, म्हणजे पाईपच्या पोटाखाली, रूट आत ओढला जातो. तिथं फिलर आत ढकलून घालायची, नुसती टेकवायची नाही. तीन, अंगाला वारं हवं म्हणून पंखा लावतात. गॅस उडाला की पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक भोकं) आलीच. आणि 7018 चं पाकीट उघडं टाकू नका, आपल्याकडच्या पावसात ती मिठासारखी ओल धरते. 300 डिग्रीच्या वर बेक करा, मग गरम होल्डिंग ओव्हनमध्ये. कॅप देखणी आली म्हणून खूश होऊ नका, एक्स-रे रूट बघतो.

मच्छे रोड:
अण्णा, सर्टिफिकेट काढलं की झालं ना?

आर्गॉन अण्णा:
नाही बाबा. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या नियमावलीप्रमाणं त्या प्रोसेसचं काम सहा महिने केलं नाही तर क्वालिफिकेशन जातं. कंटिन्यूइटी लॉगवर (काम चालू असल्याच्या नोंदवहीवर) सही घेत राहा. गावात सुट्टी लांबवणाऱ्यांना हे लागू.

शहापूर सिस्टर:
नर्सिंगच्या मुलींसाठी थोडक्यात. डेटाफ्लो, म्हणजे गल्फसाठी कागद तपासणारी कंपनी, जुन्या हॉस्पिटलला मेल टाकते. तिथल्या एचआरनं उत्तर दिलं नाही की फाईल तिथंच बसते. नोकरी सोडतानाच एचआरचा चालू मेल विचारून ठेवा. नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू, तक्रार नाही असं पत्र) आधी मागवा. ड्युटीला जाते.

चिकोडी एक्सप्रेस:
नावाची भानगड राहिली. आपल्या शाळेच्या दाखल्यावर नुसती आद्याक्षरं, आधारवर अख्खं नाव, पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा. यूएईनं 2022 च्या नोव्हेंबरपासून एकच नाव असलेला पासपोर्ट व्हिजिट व्हिसाला बंद केलाय. सरनेम आधीच घालून घ्या. बेळगाव की बेळगावी याला घाबरू नका, नाव 2014 ला बदललंय, मात्र नव्या अर्जात सगळीकडं एकच लिहा.

वडगावचा कट्टा:
बेळगाव-बेळगावीवर इथं भांडण नको, त्याला वेगळा धागा आहे 🙏

निपाणी फिटर:
बेसिक, म्हणजे अलाउन्स सोडून मूळ पगार! ऑफर लेटरात एकूण पगार बघून नाचू नका. यूएईत ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइम बेसिकवर निघतात. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. एकूण 2,000 दिरहम असले आणि बेसिक 1,000 असलं तर ग्रॅच्युइटी वर्षाला 700. बेसिक 1,800 असलं तर 1,260. पगार तेवढाच, हातात येणारं वेगळं. बढतीच्या वेळीही बेसिकच वाढवून मागा, अलाउन्स नको.

मच्छे रोड:
प्रोबेशनमध्ये दुसरी चांगली कंपनी मिळाली तर?

निपाणी फिटर:
यूएईतच दुसरीकडं जायचं तर एक महिना लेखी नोटीस. देश सोडायचा तर 14 दिवस. न सांगता पळालास तर फरार म्हणून नोंद, मग सगळंच बोंबललं. सौदीत एक वर्ष झालं की 'किवा' या सरकारी पोर्टलवरनं मालकाची मंजुरी नसतानाही बदली मागता येते, नोटीस पाळून. कतारनं जुन्या मालकाच्या एनओसीची अट 2020 मध्येच काढली. पण नवी ऑफर पोर्टलवर दिसेपर्यंत जुन्या फोरमनला एक शब्द बोलू नकोस.

सीएनसी पिंट्या:
व्हीएमसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) नुसतं बटण दाबणारे खूप आहेत. जी54 (जॉबचा शून्य बिंदू) सेट करणं, टूल लेंथ घेणं, पहिला पीस मोजून ऑफसेट देणं एवढं आलं तरच सेटर म्हणा. ऑइलफील्डच्या शॉपला जायचं तर एपीआय थ्रेड (तेलाच्या पाईपचे आटे) आणि त्याचं गेज शिका.

खानापूरची माई:
आले. सौदीला डिग्री-डिप्लोमा न्यायचा तर आता अपोस्टिल (आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का) चालतं, यूएई-कतारला मात्र त्यांच्या वकिलातीचं अटेस्टेशन लागतं. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट शिक्क्याला परत येतं, लॅमिनेट करू नका.

मच्छे रोड:
माई, आमच्या आईनं सगळीच लॅमिनेट करून भिंतीवर लावलीत.

खानापूरची माई:
मग बोर्डाकडनं डुप्लिकेट मार्क्स कार्ड काढायला आजच अर्ज टाक. भिंतीवरचं राहू दे तसंच, आईला सांगू नको.