लेझर हार्डनिंग: दोन पट्ट्यांच्या जोडावर हार्डनेस उतरतो

प्रश्न
नमस्कार. इएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) च्या सपाट गाइडवर (मशीनचा भाग ज्यावर सरकतो ती पट्टी) डायोड लेझरने हार्डनिंग करतोय, म्हणजे पृष्ठभाग तापवून कडक करतोय. गाइड 36 मिमी रुंद, स्पॉट 12 मिमीचा, म्हणून शेजारी शेजारी तीन पट्टे. पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं यंत्र) 1150 अंश सेल्सिअसवर लावलाय. पट्ट्याच्या मध्यावर 56-57 एचआरसी (रॉकवेल हार्डनेस) मिळतं, जोडावर 42. कानस ओढली की पट्ट्यावर नुसती घसरते, जोडावर आली की चावते. ओव्हरलॅप 1 मिमीवरून 3 वर नेला, फरक शून्य. त्यात नव्या लॉटला मध्यावरसुद्धा 48 च येतंय, प्रोग्रॅम तोच असून. चार दिवस याच्यातच अडकलोय.

उत्तर १
ओव्हरलॅप वाढवून ही जागा फक्त सरकते, जात नाही. दुसरा पट्टा मारताना पहिल्याची कड तापते आणि तिथला मार्टेन्साइट (हार्डनिंगने तयार झालेला कडक भाग) टेम्पर होतो, म्हणजे पुन्हा तापून मऊ पडतो. ऑप्टिक्स बदलून रुंद स्पॉट घ्या, जोड कमी होतील. नाहीतर जोड तेलाच्या खाचांच्या जागी आणा. खाचा मात्र हार्डनिंगनंतर पाडा. आधी पाडल्यात तर कडांची उष्णता आत जायला वाट नसते, कडा वितळतात.

उत्तर २
नव्या लॉटबद्दल: माल नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेला) आलाय का ते आधी बघा. मी यात एक अख्खी ऑर्डर गमावली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. स्पॉटखाली पृष्ठभाग जेमतेम सेकंदभर तापतो. तेवढ्यात पर्लाइटमधला (स्टीलचा कार्बन असलेला भाग) कार्बन शेजारच्या फेराइटमध्ये (जवळपास कार्बन नसलेला मऊ भाग) पसरत नाही. फेराइटचे मोठे कण असले तर ते तसेच मऊ राहतात. एक तुकडा कापा, पॉलिश करून नायटल (स्टीलची रचना दिसावी म्हणून लावायचं आम्लाचं द्रावण) लावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कडक थरात पांढरी बेटं दिसली की समजा हेच. क्वेंच आणि टेम्पर केलेल्या (झटकन थंड करून पुन्हा थोडा तापवलेल्या) मालात कार्बाइड (कार्बन असलेले कण) बारीक विखुरलेले असतात, तिथे हा त्रास जवळपास होत नाही.

आणि थर अर्धा मिमीचा असेल तर रॉकवेलवर विसंबू नका. 150 किलोच्या भाराला खालचा मऊ भागही लागतो. व्हिकर्सने (हार्डनेस मोजायची दुसरी पद्धत), कमी भारावर मोजा.

प्रश्नकर्ता
सर, तुकडा कापला. पांढरी बेटं आहेत, सर्टिफिकेटवरही नॉर्मलाइज्डच लिहिलंय, मी ते वाचलंच नव्हतं. लेझर सरकवायचा वेग 6 वरून 4 मिमी प्रति सेकंद केला, तापमान तेच ठेवलं, तर मध्यावर 53 आलं. पुढचा माल क्वेंच-टेम्पर मागवलाय. जोड खाचांच्या रेषेवर घेतोय. व्हिकर्स करून आकडे इथेच टाकतो.