फुटलेला बंपर घरी जोडावा की बदलावा?

सातपूरकर:
द्वारका सर्कलला गाडीला रिक्षा घासली, पुढच्या बंपरला खालून वीतभर तडा. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा बदला, जोड टिकत नाही. मला हे साफ अमान्य आहे. बंपर काढून आतून पाहा, '>पीपी+ईपीडीएम<' असा छाप असतो. म्हणजे पॉलिप्रोपिलीन (पीपी) आणि रबराचं मिश्रण, तापवलं की वितळणारं प्लास्टिक. तड्याच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. आतून खाच मारून सोल्डरिंग आयर्नने स्टीलची जाळी दाबायची, वर पीपीचीच कांडी वितळवून भरायची. एवढ्यासाठी नवा बंपर? लूट आहे ही.

गोदाकाठचा:
लूट कसली? रंगाचं काय करणार? मेटॅलिक रंग डब्याच्या स्प्रेने जुळत नाही, उन्हात डाग उठून दिसतो. गाडी विकताना गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवणार. विम्यात झिरो डेप (घसारा न कापणारी जोड) असेल तर प्लास्टिकवरची 50 टक्के घसारा-कपातही लागत नाही. क्लेम करा नि मोकळे व्हा.

सातपूरकर:
आणि नो क्लेम बोनस? सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. ती रिक्षाच्या एका घासणीपायी घालवू? खालची कड वाकून बघायला कोण येतंय!

अंबडवाला:
मोल्डिंगमध्ये काम करतो म्हणून सांगतो. जोड टिकतो, पण फेविक्विकने नव्हे. पीपीला ते धरतच नाही. रंगाआधीही प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रे सुटतात. पीपी साधारण 160 अंशांना वितळतं. आयर्न फार तापलं की प्लास्टिक जळतं आणि जोड ठिसूळ होतो. ग्रिल, आरशाचं कव्हर बहुधा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचं असतं, तिथे ही कांडी चालत नाही. एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून तो लगदा भरावा. आणि हे सगळं गच्चीवर. घरात धूर केलात तर बंपरआधी संसाराला तडा जाईल.

पंचवटीकरीण:
जोडाच्या ताकदीबद्दल वाद नाही. पण तडा दिसतो तेवढंच नुकसान झालंय कशावरून? बाजूची लॉकं गेली असतील तर कसारा घाटात बंपर फडफडायला लागेल. मागचा फोम आणि बीम दबलाय का, पाहिलं? धक्का तेच पेलतात, बंपर म्हणजे नुसता मुखवटा. काही नव्या गाड्यांत तर बंपरमागे रडार असतं. त्याच्यासमोर स्टीलची जाळी बसवली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आंधळी. सरसकट 'घरी करा' म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

सातपूरकर:
ताई, माझ्या जुन्या गाडीत रडार कुठलं! लॉकं तुटलेली निघाली तर बदलीन, शब्द देतो. रविवारी उतरवतोय. अंबडवाले, कांडी सुटी मिळते का?

अंबडवाला:
भंगारातून तोच छाप असलेला फुटका बंपर घ्या आणि पट्ट्या कापा. फुकटात काम.

गोदाकाठचा:
रंगाचं अजून कोणी बोललं नाही.