मदत हवी आहे: अकीक ओला असताना चमकतो, सुकला की मेणचट

प्रवराकाठची

मंडळी, दगड घासून डोकं पिकलंय, जाणकारांनी वाट दाखवावी.

माझं माहेर नेवाशाचं. लहानपणी प्रवरेच्या पात्रातून फ्रॉकच्या घोळात गोटे भरून आणायचे आणि आई ते कुंपणापलीकडे फेकून द्यायची. गेल्या उन्हाळ्यात भाचरांना घेऊन नदीवर गेले आणि जुनी खोड पुन्हा वर आली. पुण्याला परतताना डिकीत दोन पिशव्या अकीक (अगेट) होते. दुधी, मधाच्या रंगाचे, दोन-तीन तर कांदा आडवा चिरल्यासारखे पट्ट्यापट्ट्यांचे.

दिवाळीच्या आधी ऑनलाइन छोटा टंबलर, म्हणजे दगड फिरवून घासायचं यंत्र, मागवला. दीड किलोचा रबरी ड्रम, खाली फिरणारे दोन दांडे, मोटर आणि पट्टा. सोबत पावडरच्या चार पुड्या. पहिली रव्यासारखी जाड, पुढच्या बारीक होत जाणाऱ्या. एकेका पुडीला सात दिवस, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. मी ते घड्याळ लावून पाळलं. गुरुवारी लाइट गेली तेवढे ताससुद्धा मोजून पुढे ढकलले.

आता अठ्ठावीस दिवसांनी परिस्थिती अशी: पाण्यातून काढला की दगड पाकातून काढलेल्या जिलबीसारखा दिसतो. फडक्याने पुसून पाच मिनिटं ठेवला की अंगावर मेणबत्ती चोळल्यासारखा. भेगांमध्ये पांढरं काहीतरी बसलंय, ते टूथब्रशने घासूनही निघत नाही. काही दगडांवर नखाच्या मुळाशी असतो तसे छोटे पांढरट चंद्र उमटलेत. शेवटच्या टप्प्यात ड्रमचं झाकण फुगलं होतं, उघडताना सोड्याच्या बाटलीसारखं फस्स झालं.

अजून एक कबुली. आवाजाची तक्रार आली म्हणून ड्रम गॅलरीत गोधडीत गुंडाळून ठेवला होता. एका रात्री मोटर इतकी तापली की घरभर वास सुटला. गोधडी काढली. शेजारच्या काकू विचारतात, "अगं, रात्रभर शेंगदाणे कोण पाखडतं तुमच्याकडे?"

कुठे चुकलं?

उंटावरचा_शहाणा

खोबरेल तेल चोळा, फोटो काढा, इथे टाका. विषय संपला.

सुपीरियरकाठ

उंटावरून उतरा हो. तेल दोन दिवसांत धूळ धरतं.

ताई, मी मिनेसोटात असतो. इथे लेक सुपीरियर अगेट हे १९६९ पासून राज्याचं अधिकृत रत्न आहे, त्यामुळे दर चौथ्या गराजमध्ये एक ड्रम खडखडत असतो. माझाही सहा वर्षं खडखडतोय. (जाता जाता सांगतो, तुमचे अकीक आमच्यापुढे अगदी तरुण. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इकडचा जवळपास ११० कोटी. पण दोन्हीकडे कथा एकच: लाव्हात अडकलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यांत थराथराने साचत गेलेली सिलिका.)

उत्तर देण्याआधी तीन प्रश्न. ड्रम कितपत भरला होता? चारही टप्प्यांना तेच दगड होते की मध्येच काही घातलं? आणि शेवटची पावडर किटमधलीच होती ना? ते फस्स प्रकरण मला खटकतंय.

प्रवराकाठची

तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

सुरुवातीला ड्रम पाऊण भरला होता. जाड पावडरीनंतर दगड झिजले, पाच-सहा फुटले म्हणून काढले, मग जेमतेम अर्धाच राहिला. दोन टप्पे तसाच फिरवला. शेवटच्या टप्प्याला चुकचुकल्यासारखं झालं म्हणून आजोबांच्या विहिरीच्या दगडांतले काचेसारखे पांढरे खडे मूठभर टाकले. आधीच चकचकीत होते, वाटलं बिघडवणार काय?

आणि पावडर. किटमधली चौथी पुडी पांढरीशुभ्र, मऊ. सासूबाईंना ती रांगोळी वाटली. वसुबारसेला दारात गाय-वासरू काढलं, सुंदर काढलं, आणि पुडी संपली. मग हार्डवेअरच्या दुकानातून लादी पॉलिशची पावडर आणली. दुकानदार म्हणाला, दगडाचीच आहे, चालेल.

सुपीरियरकाठ

सासूबाईंना नमस्कार सांगा. ॲल्युमिनियम ऑक्साइडची रांगोळी अख्ख्या पुण्यात त्यांच्याच दारात असेल.

आता उलगडा झाला. लादी पॉलिशची पावडर म्हणजे बहुधा ऑक्झॅलिक ॲसिड. संगमरवर आणि मोझॅकमधल्या चिप्स चुनखडीच्या जातीच्या, त्यांच्यावर ॲसिडची क्रिया होते आणि चमक येते. अकीक म्हणजे सिलिका, त्याला ऑक्झॅलिक ढिम्म लागत नाही. तुमच्या दगडांना शेवटचं पॉलिश मिळालंच नाही. तिसऱ्या पुडीनंतर अकीक जसा दिसतो, रेशमी-मेणचट, तस्साच तो आज आहे. पाणी खरबरीतपणा भरून काढतं म्हणून ओला चमकतो. म्हणजे हात फसलेला नाही, गाडी एक स्टेशन आधी थांबली आहे.

विहिरीचे ते खडे गारगोटीचे नसावेत. एक खडा घेऊन चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. दहापर्यंतच्या मोहस् मापावर अकीकची कठिणता ६.५ ते ७, पोलादी चाकू त्यावर हरतो. कॅल्साइटची ३, सहज ओरखडतो. मग ओरखड्याच्या भुकटीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले की कॅल्साइट. त्यानेच ऑक्झॅलिकशी गट्टी करून कार्बन डायऑक्साइड सोडला, झाकण फुगलं, आणि सोबत जे कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार झालं ते पाण्यात विरघळत नाही. भेगांतलं पांढरं बहुतेक तेच. ती पावडर विषारी आहे, उरलेली मुलांपासून लांब ठेवा, पुन्हा बंद ड्रममध्ये कधीच नको.

नखाचे चंद्र मात्र वेगळ्या चुकीचे. अर्धा रिकामा ड्रम फिरला की दगड घरंगळत नाहीत, वरून आपटतात. प्रत्येक आपटीला पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी चीर पडते. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला हवाच. दगड कमी पडले तर सिरॅमिकचे बारीक तुकडे मिळतात ते घाला, नाहीतर तुमच्याकडचेच छोटे अकीक. मऊ दगड नको, आणि काळा पाषाणही नको. त्याचे कण सुटून बारीक पावडरीत मिसळतात आणि सगळा लॉट ओरखडतात.

आता करायचं काय? चंद्र असलेले दगड पुन्हा पहिल्या पावडरीला, दुसरा इलाज नाही. पहिली म्हणजे ६०/९० नंबरची सिलिकॉन कार्बाइड. ठोक बाजारात कार्बोरंडम म्हणा, कळतं. तुमच्या ड्रमला चार सपाट मोठे चमचे, पाणी वरच्या थराच्या जरा खाली. सात दिवसांत पावडर स्वतःच झिजून चिखल होते, पुढे नुसती वीज जळते. धुवा, नवी घाला, पुन्हा सात दिवस. अकीकला असे तीन-चार फेरे लागतात. चिठ्ठीतले सात दिवस विसरा. खळगे आणि भेगा जाईपर्यंत दगड पहिल्या टप्प्यातून सोडायचाच नाही, कारण पुढची कुठलीच पावडर खळगा भरत नाही, फक्त त्याला चकचकीत करते. मग २२०, मग ५००, आणि मग खरं पॉलिश. ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळालं नाही तर काचेला बेव्हल (तिरकी कड) मारणाऱ्यांकडे सिरियम ऑक्साइड असतं, फिकट गुलाबी-तपकिरी रंगाचं. तेही चालतं.

टप्पा बदलताना जाड पावडरीचा एक कण राहिला तरी घात. झाकणाच्या खाचेत तो हमखास दडतो. पॉलिशसाठी वेगळा ड्रम घेतलात तर उत्तम.

आणि तो राखाडी चिखल सिंकमध्ये ओतू नका! मी ओतला होता. पाइपच्या वळणात सिमेंटसारखा बसला. प्लंबरला दिलेल्या पैशांत दुसरा ड्रम आला असता.

खंबायती

वरच्या सगळ्याला अनुमोदन. माझं अर्धं आयुष्य गुजरातेतल्या खंभातचा अकीकचा माल विकण्यात गेलं. तिथे रतनपूरचा अकीक मडक्यात घालून शेणीच्या विस्तवावर भाजतात, म्हणजे पिवळट दगड लाल होतो. पॉलिशसाठी पूर्वी चामड्याच्या पिशवीत मणी आणि कुरुंदाची पूड भरून दोन माणसं ती पिशवी समोरासमोर बसून ओढत असत, दिवसच्या दिवस. आता मोटरचे ड्रम आले. तुमचा टंबलर म्हणजे त्या पिशवीचीच नात.

एक गंभीर गोष्ट. कोरडा अकीक ग्राइंडरवर धरू नका, आणि सांडलेला चिखल सुकल्यावर झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा. खंभातच्या कारागिरांच्या छातीत ती धूळ बसते. सिलिकोसिस म्हणतात, बरा होत नाही. हसतखेळत मणी घासणारी माणसं चाळिशीत धापा टाकताना मी पाहिली आहेत.

खापरखुंटी

नेवासं वाचलं आणि राहवलं नाही. घासण्याबद्दल मला शून्य कळतं, मी पुरातत्त्ववाला.

ताई, पिशवीतला प्रत्येक दगड ड्रममध्ये टाकण्याआधी एकदा उलटून बघा. १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी नेवाशाला लाडमोड टेकाडावर उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातले लोक तिथे याच दगडापासून पाती काढत होते. नदीचा गोटा सगळीकडून गोल असतो. पातं चपटं असतं, बोटाच्या एखाद-दुसऱ्या पेराएवढं. एक बाजू गुळगुळीत, टोकाशी किंचित फुगीर, जिथे घाव बसला तिथे. दुसऱ्या बाजूवर लांबच्या लांब एक-दोन सरळ कंगोरे, आणि कडा अजून धारदार. असं काही दिसलं तर ते ड्रममध्ये घालू नका. कुठे मिळालं ते चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि येरवड्याला डेक्कन कॉलेजात दाखवा. टेकाडावरून तर काही उचलूच नये.

उंटावरचा_शहाणा

मी तेल परत घेतो.

प्रवराकाठची

सव्वादोन महिन्यांनी अपडेट देते, उशिराबद्दल माफी.

विहिरीच्या खड्यावर लिंबू पिळलं, बारीक बुडबुडे आले. सगळे खडे बाहेर काढले. पहिल्या पावडरीचे चार फेरे केले, चौथ्याला मलाच माझी कीव आली होती. एका काच-कारागिराकडून पाव किलो सिरियम मिळालं, तो म्हणाला बाई आरसे बनवता का. पॉलिशसाठी नवा ड्रम घेतला. चिखल बादलीत निवळू देते आणि खालचा गाळ ओला असतानाच जुन्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते.

एकतीसपैकी एकोणीस पास. कोरडे, पूर्ण कोरडे, आणि ट्यूबलाइटची अख्खी रेघ त्यांच्यात दिसते. कांद्यासारख्यांतला एक मधोमध दुभंगला. बाकीचे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवलेत.

@खापरखुंटी, दुसरी पिशवी सतरंजीवर ओतून एकेक दगड उलटून पाहिला. एक तुकडा तुम्ही सांगितलात तसा निघाला. दुधी रंग, एका अंगाला दोन सरळ कंगोरे. काडेपेटीत कापूस घालून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात येरवड्याला जाणार.

पण पहिल्या लॉटमध्येही एक तसा होता, हे आता आठवतंय. लांबट, पातळ. भाच्याच्या बोटाला त्याची धार लागली म्हणून तो मी सगळ्यात आधी ड्रममध्ये टाकला होता. कंगोरे पार गेलेत, बोरासारखा गुळगुळीत झालाय. त्या एकोणिसांत सर्वांत छान चमकतो तोच.